९३ गुण आणि ३१ चुका

इंदूरच्या सुदामानगरहून एका आईचे पत्र आले आहे. नाव देऊ नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून पत्राचा मजकूर तेवढा थोडक्यात देते.

"माझा मुलगा बारावीत आहे. दहावीला सीबीएसईत ९५ टक्के मिळाले, तेव्हा घरात पेढे वाटले आणि लगेच त्याला भंवरकुआंजवळच्या, अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका कोचिंगमध्ये घातले. दर रविवारी परीक्षा असते आणि संध्याकाळी गुण व क्रमांक मोबाइलवर येतात. गेल्या वर्षी तो पहिल्या बॅचमध्ये होता, आता तिसऱ्या बॅचमध्ये आहे. मागच्या परीक्षेत ३०० पैकी ९३ गुण पडले. संस्थेच्या मोठ्या चाचणीत ८८ पर्सेंटाइल आले. त्याचे बाबा म्हणतात की मुलगा बेफिकीर झाला. सासूबाई म्हणतात की पुण्याच्या माझ्या दिरांच्या मुलाने हे सगळे कोचिंगशिवाय केले. आणि मुलगा म्हणतो, 'आई, मी मुळातच ढ आहे, दहावीत ते कळलं नाही इतकंच.' आजकाल तो जेवतानाही बोलत नाही. तो खरेच कमी पडतो आहे, की या परीक्षाच चुकीच्या आहेत? कोचिंग सोडवू का? त्याच्या उत्तरपत्रिकेची प्रत सोबत पाठवत आहे. सासूबाई दर रविवारी गुण विचारतात, त्यांना काय सांगावे तेही कळवा."

ताई, पत्राबरोबर तुम्ही उत्तरपत्रिकेची प्रत पाठवलीत हे फार चांगले केलेत. वर्षानुवर्षे गणित शिकवल्यामुळे मला पत्राच्या आधी ती प्रतच उघडण्याचा मोह झाला, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिच्यातच सापडले. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

प्रश्न ७५ होते. तुमच्या मुलाने ६२ सोडवले, त्यांतले ३१ बरोबर आले आणि ३१ चुकले. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, या हिशेबाने १२४ मधून ३१ गेले आणि ९३ उरले. मोबाइलवर येणाऱ्या संदेशात एवढाच आकडा असतो, आणि घरातले सगळे बोलणे त्या आकड्याभोवतीच फिरते. मी मात्र त्या ३१ चुका एकेक करून तपासल्या. त्यांतल्या आठ चुका पर्याय नसलेल्या, म्हणजे संख्या स्वतः काढून लिहायच्या प्रश्नांत आहेत, आणि तेथे त्याने कच्चे काम अजिबात न करता काहीतरी संख्या टाकून दिली आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात अंदाज एखादे वेळी लागू शकतो, पण या प्रश्नांत तो लागण्याची शक्यता जवळजवळ नसते, त्यामुळे ते आठ गुण त्याने हातचे घालवले. बारा चुका खऱ्या अर्थाने चुका आहेत, म्हणजे संकल्पनाच नीट समजलेली नाही, आणि त्यांतल्या बऱ्याचशा विद्युतचुंबकत्वाच्या आणि कार्बनी रसायनशास्त्राच्या आहेत. उरलेल्या अकरा प्रश्नांत त्याची रीत शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर आहे. कोठे उणे चिन्ह सुटले आहे, कोठे सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले आहे, तर एके ठिकाणी उत्तर बरोबर काढूनही खूण शेजारच्या पर्यायावर केली आहे. ते आठ प्रश्न कोरे ठेवले असते आणि हे अकरा हातून निसटले नसते, तर त्याच मुलाला, तेवढ्याच ज्ञानावर, ९३ ऐवजी १५६ गुण मिळाले असते.

या अकरा चुकांपैकी नऊ गणिताच्या भागातल्या आहेत. गणित हा त्याचा सर्वांत आवडीचा विषय, असे तुम्हीच लिहिले आहे. मग त्याच विषयात एवढ्या चुका का व्हाव्यात? कारण प्रश्नपत्रिकेत गणित शेवटी येते आणि तो पहिल्या प्रश्नापासून ओळीने सोडवत जातो, त्यामुळे गणितापर्यंत पोहोचतो तेव्हा दोन तास उलटून गेलेले असतात. तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, जे तुम्ही सहज लिहून गेलात: तो कोचिंगहून रात्री साडेनऊला घरी येतो, साडेबारापर्यंत जागतो आणि शाळेच्या बससाठी पावणेसहाला उठतो. ही जेमतेम सव्वापाच तासांची झोप झाली. या वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसभर वाचलेले झोपेतच मेंदूत पक्के होते, आणि झोप अपुरी असली की सर्वांत आधी लक्ष ढळते, म्हणजे चिन्ह आणि एकक सांभाळणारी सावधगिरीच जाते. त्याचे बाबा जिला बेफिकिरी म्हणतात, ती मला कागदावर थकव्यासारखी दिसते. त्यांना माझा निरोप सांगा की रविवारी रात्री ही प्रत समोर घेऊन त्या अकरा खुणा त्यांनी स्वतः पाहाव्यात.

आता पर्सेंटाइलविषयी, कारण यावरून अनेक घरांत विनाकारण रडारड होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ८८ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांना त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण आहेत. दहावीच्या ९५ टक्क्यांशी त्याची तुलना होऊच शकत नाही, कारण दहावीची परीक्षा नेमलेला अभ्यासक्रम किती आला ते विचारते, तर ही परीक्षा इतरांच्या मानाने तुम्ही कोठे आहात तेवढेच सांगते. शिवाय हे 'इतर' कोण, यावरही सगळे अवलंबून असते. संस्थेच्या चाचणीला संस्थेची तयारी करणारी मुलेच बसतात. खऱ्या जेईई मेनला देशभरातून काही लाख मुले बसतात, २०२४ मध्ये ती सुमारे १४ लाख होती. तेथे वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, म्हणून प्रत्येक सत्राचे पर्सेंटाइल वेगळे काढून मग ते एकत्र केले जाते. मात्र खोटा दिलासाही मी देणार नाही. २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गातून जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यासाठी ९३.२३ च्या पुढे पर्सेंटाइल लागले होते. आयआयटीचा प्रवेश या दुसऱ्या परीक्षेवर ठरतो, म्हणजे इंदूरजवळच्या सिमरोलच्या आयआयटीचे दार आजच्या घडीला त्याला उघडे नाही. पण श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या अभियांत्रिकी संस्थेतही जेईई मेनच्या आधारेच प्रवेश होतात, आणि या दोन्ही संस्था आपल्याच गावात आहेत. आयआयटी आणि एनआयटीसाठी बारावीला साधारण ७५ टक्क्यांची अटही असते, त्यामुळे शाळेचा अभ्यास कोचिंगच्या पायी बुडवणे परवडणारे नाही, हेही लक्षात असू द्या.

परीक्षाच चुकीच्या आहेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की परीक्षा ही शिकण्याची फार चांगली रीत आहे, पण माणसाची किंमत ठरवण्याचे ते अत्यंत कच्चे माप आहे, आणि आपल्याकडे पहिला उपयोग विसरून दुसराच धरून ठेवला आहे. पहिल्या उपयोगाबद्दल एक प्रयोग सांगते. २००६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता जेवढे आठवेल तेवढे कागदावर उतरवले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने मात्र उलटे झाले: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे मनावर ताण देऊन आठवणे हाच अभ्यास आहे. आपली मुले रात्री साडेबारापर्यंत तीच टिपणे रंगीत रेघा मारून पुन्हापुन्हा वाचतात तेव्हा त्यांना येते आहे असे वाटते, आणि रविवारी ते आठवत नाही. रविवारची परीक्षा या दृष्टीने उत्तमच आहे. अडचण एवढीच की तुमच्या घरी त्या परीक्षेचा आकडा पोहोचतो आणि तिच्यातून शिकायचे ते कोचिंगच्या फाइलमध्येच राहते.

दुसरा उपयोग, म्हणजे माणसे मोजणे, मला का पटत नाही तेही सांगते. एका दिवसाच्या गुणांत ज्ञानाबरोबर त्या दिवसाच्या पुष्कळ गोष्टी मिसळलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या शाळांतील लाखो उत्तरपत्रिका अभ्यासून असे दिसले आहे की उकाड्याच्या दिवशी दिलेल्या परीक्षेत त्याच मुलांचे गुण घसरतात. उदाहरणासाठी आपल्याला एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. ४ मे २०२५ ला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या दिवशी इंदुरात वादळी पाऊस झाला, काही केंद्रांवर वीज गेली आणि मुलांनी अंधारात पेपर सोडवला. त्यांतली काही मुले उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे गेली. एका न्यायमूर्तींनी फेरपरीक्षेचा आदेश दिला आणि पुढे दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने काय योग्य ते न्यायालयाने ठरवले, पण त्या मुलांच्या गुणांत त्या दिवसाचे वादळ मिसळले होते, हे कोणालाही नाकारता येणार नाही. तुमच्या मुलाच्या ९३ गुणांत सव्वापाच तासांची झोप मिसळलेली आहे.

आणि घरही मिसळलेले असते. १९६६ मध्ये अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ४,००० शाळांतील सहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी केली. इमारती, प्रयोगशाळा, पुस्तके यांच्यापेक्षा घरच्या परिस्थितीचा गुणांवर जास्त प्रभाव असतो, असे त्यांच्या अहवालातून पुढे आले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि शिक्षक चांगला असण्याने फरक पडतो हे मी स्वतः पाहिलेले आहे. पण पुण्याच्या पुतण्याची आणि तुमच्या मुलाची तुलना करताना हे आठवावे. त्या घरी कोणाचे काय शिक्षण होते, स्वतंत्र खोली होती का, शाळा किती लांब होती, त्याला अडले तर घरात विचारायला कोणी होते का, हे गुणपत्रकावर छापलेले नसते. तुमच्या घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि कोचिंगमध्ये हिंदी-इंग्रजीची सरमिसळ आहे. जेईई मेनचा पेपर मराठीतही निघतो, पण तो महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळतो, इंदुरात नाही. लांबलचक इंग्रजी प्रश्न मनात उलगडून घेण्यातच त्याचे काही सेकंद जात असतील, आणि सुमारे अडीच मिनिटांत एक प्रश्न संपवायचा असेल तेव्हा तेवढ्या सेकंदांनीही फरक पडतो.

आता कोचिंग. ते आजच सोडवू नका, पण ते जसे चालले आहे तसे निमूट चालूही देऊ नका. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. मुलांच्या चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत, ते गोपनीय ठेवून मुलाच्या सुधारणेसाठी वापरावेत, आठवड्याची सुट्टी द्यावी, आणि मुलाने मध्येच सोडले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत आहे. पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात निर्देश देताना सांगितले की शक्यतो गुणांवरून मुलांच्या बॅच पाडू नयेत आणि चारचौघांत त्यांना लाज वाटेल असे वागू नये. ही दोन्ही वाक्ये एका अर्जात लिहा आणि संस्थेच्या व्यवस्थापकांना भेटून तीन गोष्टी मागा: क्रमांकाचा संदेश आमच्या मोबाइलवर पाठवणे थांबवावे, उत्तरपत्रिका मुलाच्या हाती मिळावी, आणि विद्युतचुंबकत्व आणि कार्बनी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास त्याच्याशी बसावे. त्याचे बाबाही बरोबर असले तर बरे. या मागण्या ऐकून घेण्याची संस्थेची तयारी नसेल, तर कोचिंग सोडण्याचा विचार करण्यासाठी ते पुरेसे कारण आहे, आणि मग फीच्या परताव्याचे कलमही तुमच्या हाताशी आहे.

घरी चार रविवार एक गोष्ट करून पाहा. परीक्षेत त्याने आधी गणित सोडवावे आणि मग बाकीचे दोन विषय. खऱ्या परीक्षेतही तीन तासांत कोणत्याही विषयाकडे जाता येते, त्यामुळे यात नियमभंग काही नाही. पर्याय नसलेला प्रश्न येत नसेल तर तो कोरा ठेवावा. आणि रात्री साडेदहानंतर पुस्तक मिटावे, मग अभ्यास कितीही उरलेला असो. मला ठाऊक आहे की या शेवटच्या गोष्टीला घरात सर्वांत जास्त विरोध होईल, आणि बहुधा मुलाचाच होईल, कारण जागणे म्हणजे मेहनत अशी त्याची समजूत झालेली आहे. त्याला सांगा की हा प्रयोग आहे आणि चार आठवड्यांनी आकडे बोलतील. रविवारी संध्याकाळी त्याने एका वहीत प्रत्येक चुकीच्या प्रश्नापुढे एवढेच लिहावे: आले नाही, घाई झाली, की अंदाज मारला. त्या वहीत गुणांची बेरीज लिहायची नाही. 'आले नाही' या खुणेचे जे प्रश्न असतील, ते बुधवारी वही न उघडता पुन्हा सोडवावेत. घाईच्या चुका कमी झाल्या तर कारण झोपेत आणि क्रमात होते असे समजा. त्या तशाच राहिल्या आणि 'आले नाही' वाढत गेले, तर मग हा अभ्यासक्रम त्याला पेलतो का, त्याला तो मनापासून हवा आहे का, हे त्याच्याशी शांतपणे बोलावे लागेल, आणि ते बोलणे दिवाळीच्या आत व्हावे.

परीक्षेच्या आधी त्याच्या पोटात गोळा येतो, असेही तुम्ही लिहिले आहे. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात रामिरेझ आणि बाइलॉक यांचा अभ्यास आला होता. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढलेल्या मुलांनी, विशेषतः जास्त घाबरणाऱ्यांनी, बरे गुण मिळवले होते. प्रत्येकाला याचा गुण येईलच असे नाही, पण खर्च एका कागदाचा आहे. कागद नंतर फाडून टाकावा आणि कोणी वाचू नये, तुम्हीसुद्धा नाही.

मात्र एका बाबतीत चार आठवडे थांबू नका. जेवताना न बोलणे आणि स्वतःला मुळातच ढ म्हणणे हे मला त्या गुणांपेक्षा जास्त लागले. तो मित्रांनाही टाळत असेल, झोपू दिले तरी झोपत नसेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखे काही बोलला असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो, तेथे तुम्ही स्वतःही बोलू शकता. आणि त्याला तुम्ही सरळ विचारा की तुला फार जड होते आहे का. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलते विचार येतील ही भीती खरी नाही. उलट कोणीतरी विचारले याचा मुलांना आधार वाटतो, हे मी वर्गात पुष्कळदा अनुभवले आहे.

राहता राहिला तुमच्या सासूबाईंचा प्रश्न. त्या दर रविवारी गुण विचारतात, कारण नातवाची चौकशी करायला त्यांना दुसरा धागा मिळालेला नाही. तो त्यांना द्या. दुपारच्या चहाच्या वेळी मुलाला त्यांच्याजवळ बसवा आणि आठवड्यात शिकलेली एक गोष्ट, म्हणजे पंखा फिरवणारी मोटर कशी चालते किंवा साबणाने मळ कसा निघतो, ती आजीला मराठीत समजावून सांगायला सांगा. आजीला कळेपर्यंत सांगायचे म्हणजे त्याला ते पुस्तकाबाहेर आठवावे लागेल, आणि त्या मध्येच 'पण असं का रे?' म्हणून विचारतील ते वेगळेच. रविवारी त्यांनी गुण विचारले तर सांगा की गुण आता वहीत लिहीत नाही, पण विद्युतचुंबकत्वाचे दोन प्रश्न या आठवड्यात त्याला सुटले. चार रविवारांनंतर ती वही आणि नव्या उत्तरपत्रिका मला पाठवा, मी पुन्हा एकेक चूक तपासेन.